प्राग, इचिकावामार्गे

आमच्या इमारतीतले सबनीसकाका प्रागला एकदाही गेलेले नाहीत, पण इथल्या मराठी मंडळींपैकी कोणीही प्रागला निघालं की आधी त्यांच्याकडे जातं. जातं म्हणजे नेलं जातं. काका लिफ्टपाशी गाठतात आणि म्हणतात, "मी गेलेलो नाही, पण मला विचारा." मग आपण काही न विचारताच पाऊण तास माहिती मिळते.

काका टोकियोतल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतात. टोकियोलगतच्या आमच्या इचिकावाहून रोजचा प्रवास. कोणत्या डब्याच्या कितव्या दारातून उतरलं की जिना समोर येतो, हे त्यांना प्रत्येक स्टेशनचं पाठ आहे. हीच शिस्त त्यांनी प्रागला लावली. त्यांचा तीन दिवसांचा कार्यक्रम चार पानी, हाताने लिहिलेला. चार्ल्स पूल, नऊ ते नऊ पंचवीस, तीस पुतळे, प्रत्येकी पन्नास सेकंद. मग जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ. तासाला सांगाडा घंटा वाजवतो तेव्हा सगळे वर बघतात, आपण खिशाकडे बघणे. मग पलीकडच्या टेकडीवरचा किल्ला, चौकापासून चालत चौदा मिनिटं.

हे ज्ञान येतं कुठून, याची मला फार उत्सुकता होती. एका रविवारी दुपारी सुनंदाकाकूंकडे विरजण मागायला गेले, तर त्या अगदी सहज म्हणाल्या, "हे प्रागमध्ये आहेत. पाचपर्यंत येतील." आतल्या खोलीत काका कॉम्प्युटरसमोर बसून नकाशातल्या फोटोंमधून एकेक बाण दाबत गल्लीतून चालले होते. मला बघून म्हणाले, "या कोपऱ्यावर एक करडा कुत्रा बसतो. काही करत नाही." फोटोतला कुत्रा काय करणार?

पण कार्यक्रमात एक ओळ अशी होती, जी कुठल्याच प्रवासी पुस्तकात नसावी. दुसरा दिवस, दुपारी तीन चाळीस : व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान. बाहेरून पाहणे. खिडकीत दिवा आहे का, ते पाहणे. एका कुटुंबाने ही ओळ गाळून तो वेळ काचेच्या फुलदाण्या घेण्यात घालवला, तर काका महिनाभर त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलले नाहीत.

आमचं प्रागचं तिकीट निघालं तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून त्या ओळीचा उलगडा केला. त्या दुकानात त्यांची मुलगी काम करते. मुक्ता. इथेच वाढली, इथल्याच मोठ्या कंपनीत लागली आणि अकरा महिन्यांत राजीनामा देऊन व्हायोलिन बनवायला शिकायला निघाली. काका तेव्हा म्हणाले होते, "कुठे जातेस ते मला सांगू नकोस." तिने सांगितलं नाही. तीन वर्षं बापलेकीचं बोलणं नाही. काकूंना आलेल्या पाकिटावरचा पत्ता मात्र काकांनी बघून ठेवला होता.

"मी काही निरोप देत नाहीये," काकू म्हणाल्या. "नुसतं सांगून ठेवलं."

प्रागला आम्ही अगदी आदर्श टोकियोकरांसारखे वागलो. टोकियोसारखेच इथेही रस्त्यात कचऱ्याचे डबे मिळणार नाहीत म्हणून काकांनी घडी घालून दिलेली पिशवी घेऊन हिंडलो. डबे दर वीस पावलांवर होते. तरीही दोन दिवसांची केळ्याची सालं आम्ही इमानदारीत हॉटेलवर परत आणली. पूल काका म्हणाले तसाच होता. घड्याळासमोर मी खिशाकडे बघत राहिले आणि सांगाडा हुकला. पण खरी गंमत किल्ल्याची. चौदा मिनिटांच्या वाटेला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, कारण तो उभा चढ होता. खुर्चीत बसून बाण दाबणाऱ्याला चढ कसा कळणार? माझा नवरा मिलिंद पायरीवर बसला आणि काकांविषयी जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला आम्ही दुकानासमोर हजर. दिवा होता. फक्त बाहेरून पाहणे, असा हुकूम होता, पण मला ते जमलं नाही. मी दार ढकललं. ॲप्रन घातलेली मुलगी वर बघून मराठीतच म्हणाली, "इचिकावाहून ना? तुम्ही चौथे. बाकीचे खिडकीतून बघून पळाले."

तिने कार्यक्रम मागितला. कानामागची पेन्सिल काढून उभ्या उभ्या चारही पानं तपासली, सुताराने फळी तपासावी तशी. पूल सातला पाहणे, नऊला गर्दी. ही ट्रॅम आता इथून जात नाही. किल्ल्याच्या ओळीवर मात्र तिने बराच वेळ घालवला. ट्रॅमने वर जायचं, उतरत खाली यायचं. मध्ये दोनदा बसायचं. बाक कुठे आहेत त्याच्या खुणा. शेवटी तिने लिहिलं, "गुडघा."

मिलिंद म्हणाला, आमचे गुडघे ठीक आहेत. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाहीये ते." मी पानं जपून पर्समध्ये ठेवली.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी मी पानं घेऊन गेले. काकांनी नेहमीची तोंडी परीक्षा सुरू केली. घड्याळ झालं, पूल झाला. मग चष्मा पुसत विचारलं, "दिवा होता?" मी पानं पुढे केली. चूक दाखवलेली काकांना अजिबात खपत नाही, म्हणून मी जरा मागे सरून उभी राहिले.

काका एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचत गेले. अक्षर त्यांनी पहिल्याच ओळीत ओळखलं असणार. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

"हे दुखणं तर यंदाच सुरू झालंय," ते म्हणाले. "तिला कसं कळलं?"

"विचारते ती," काकू म्हणाल्या. "दर फोनला आधी तुमचंच विचारते. तुम्ही तिला सांगू नकोस म्हणालात, म्हणून मीही सांगितलं नाही."

काकांनी खिशातलं पेन काढलं, पान उलटं करून कोरी बाजू वर घेतली आणि काकूंना म्हणाले, "लाव."

काकूंनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. तीन वर्षांनी काका मुलीशी काय बोलतील, हे ऐकायला मी एक पाऊल पुढे सरकले. काका खाकरले.

"मुक्ता," ते म्हणाले, "तो चढ नक्की किती मिनिटांचा आहे?"

पलीकडचं उत्तर खूप वेळ चाललं होतं. काकांनी त्यातलं काहीच लिहून घेतलं नाही.