आप्पांचा काट्यावर संशय

आप्पा केमो घ्यायला निघाले की पिशवीत पाच किलोचं लोखंडी माप असतं. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर आधी ते ठेवायचं, काटा बरोबर पाच दाखवतो का बघायचं, मगच स्वतः चढायचं. रांगेतली माणसं हसतात. आप्पा म्हणतात, "हसा. आदी काटा तपासा, मग हसा."

मी त्यांचा भाडेकरू. गोंदियाकडचा, सातवीत शाळा सोडलेला. विश्रामबागेत त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. हळदीच्या गोदामात मला काम मिळालं ते त्यांच्याच शब्दावर. ते उपकार मी विसरणार नाही. पण अजूनही ते महिन्यातून एकदा माझं आधारकार्ड मागतात. "फोटोतला तूच हायस का बघतो."

आप्पा मूळचे उंब्रजचे. सगळा जन्म हळदीच्या बाजारात पोती तोलण्यात गेला, त्यामुळं संशय हाच धंदा. दूध बोटावर घेऊन बघणार, अंडं ट्यूबलाइटसमोर धरणार.

त्यांच्या बायकोची, अक्कांची, उजवी बाजू तीन वर्षांपूर्वी लुळी पडली. सकाळी पलंगावरून खुर्चीत, संध्याकाळी परत पलंगावर, उचलणार आप्पाच. मुलानं पुण्याहून पैसे पाठवून बाई ठेवली होती. दोन दिवसांत आप्पांनी तिला घालवली. "तिचं ध्यान मोबाईलात. पाडंल हिला."

मग आप्पांना आतड्याचा कॅन्सर निघाला. तिसऱ्या केमोनंतर अक्कांना उचलताना त्यांचे हात थरथरायला लागले. मला धडकीच भरली. हे पडले तर दोघंही पडणार. आप्पांचं वजन मात्र होतं तेवढंच, बासष्ट किलो. म्हणून तर काट्यावर संशय! माप पाच भरलं तेव्हा आप्पांनी मापावरच संशय घेतला आणि ते बाजारात नेऊन तोलून आणलं. तेही खरं निघालं.

शेवटी दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी त्यांना हाताचा जोर मोजणारं एक यंत्र मुठीत दाबायला दिलं, टेपनं दंडाचा घेर मोजला आणि म्हणाल्या, "आप्पा, काटा खरा आहे. तुमच्या पायांत पाणी धरलंय म्हणून आकडा हलत नाही. आत मांस झिजलंय."

आप्पांनी पायांकडं बघितलं. "म्हंजी पोतं तेवढंच, हळद कमी, वरनं पानी मारलंय?"

"तसंच समजा."

"ही चोरी मला म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी कुणाचं पहिल्या फटक्यात खरं मानलेलं मी तेव्हाच पाहिलं.

अंडी, डाळ, दही खायचं आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठायचं, असं मॅडमनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून आप्पांचे आकडे ऐकू यायला लागले. एक, दोन, तीन... पार दहापर्यंत. पण चारनंतर खुर्ची कुरकुरायचीच नाही. आता संशय मला आला. खिडकीतून डोकावलो, तर आप्पा बसल्या बसल्या मोजत होते.

"काय बघतुस रं?"

"आप्पा, उठत नाही तुम्ही."

"हळू बोल! पाचव्याला पाय न्हाई म्हनत्यात. तोंडानं तरी दहा हूंद्यात. आत ती ऐकती."

चार दिवसांनी सकाळी त्यांनी हाक मारली. दारातच म्हणाले, "हात दाव. धुतलंस का? नखं?" दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले. मग एकदम आवाज खाली आला. "माझ्यानं हुईना गड्या. तू मागनं धर. मी म्होरनं हाय. तिला कळलं न्हाई पायजे."

अक्का पलंगाच्या कडेला, पलीकडच्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. आप्पांनी समोरून त्यांच्या काखेत हात घातले, मी मागून कमरेला धरलं. आप्पांचा श्वास माझ्या कानाशी फुटत होता. अक्का अलगद खुर्चीत बसल्या.

"आवं, आज लय हलक्या हातानं उचललंसा," त्या म्हणाल्या.

आप्पा घाम पुसत खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात अक्कांनी डावा हात मागं आणला आणि न बघता माझं मनगट थोपटलं.