शेवटचा चालता धरणीधर

ट्रॅक्टरची मागची लिफ्ट तेलाच्या दाबावर उचलली जाते आणि ते तेल एका रबरी कड्यामुळे जागेवर राहतं. या कड्याला सील म्हणतात. ते लहान मुलीच्या बांगडीएवढं असतं. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होत जातं, आणि शेवटी त्याला एका जागी केसाएवढी चीर पडते. राळेगाव तालुक्यातल्या बेबीताईंच्या ट्रॅक्टरमधल्या सीलला ही चीर ऐन पेरणीच्या तोंडावर पडली. शेताच्या कडेला, धुऱ्यावर वळताना उचललेलं पेरणीयंत्र आपणहून खाली बसू लागलं.

ट्रॅक्टर धरणीधर कंपनीचा होता. एके काळी या कंपनीच्या ट्रॅक्टरसाठी लोक नंबर लावून थांबत. पुढे कंपनीच्या हातून एक गंभीर चूक झाली : ट्रॅक्टर इतका टिकाऊ निघाला की घेतलेल्याला दुसरा घ्यावाच लागेना. चूक लक्षात येताच व्यवस्थापनाने तातडीने पावलं उचलली. संशोधन विभाग बंद केला आणि जाहिरात विभाग वाढवला. कोणी नक्कल करू नये म्हणून सुट्या भागांची मापं आधीपासूनच जगावेगळी ठेवली होती. त्यात कंपनीला पूर्ण यश आलं. आता बाजारात नक्कल मिळत नव्हती आणि अस्सलही मिळत नव्हतं.

"वयनी, माहा ट्रॅक्टर परवा रिकामा हाय," शेजारच्या तांड्यावरचा उत्तमसिंग म्हणाला. त्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा होता. "ओल हाय तोवर पेरून टाका."

बेबीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबानं हा धरणीधर आणला तवापासून आपल्या वावरात दुसरं चाक फिरलं नाही," बबनराव म्हणाले. "पाहू."

"पाहा भाऊ. ओल काही तुमच्या पाह्यन्यासाठी थांबून राह्यली नाही."

पाहण्याचा पहिला टप्पा म्हणून तिघं कंपनीच्या यवतमाळजवळच्या कारखान्यात गेले. बबनराव उत्तमसिंगच्या ट्रॅक्टरवर बसले नाहीत. ते ट्रॉलीत बसले, कारण ट्रॉली बाभुळगावच्या मिस्त्रीने बनवली होती आणि मिस्त्रीशी त्यांचं वैर नव्हतं.

कारखान्याच्या फाटकावर तिकीटखिडकी होती.

"कारखान्याले तिकीट?" उत्तमसिंग म्हणाला. "आतमंधी वाघ ठेवला का काय?"

आत वाघ नव्हता. आत उत्पादन चालू होतं. निळ्या कपड्यांतले कामगार दोरीपलीकडे एक ट्रॅक्टर जोडत होते आणि शाळेच्या सहलीतली मुलं टाळ्या वाजवत होती. दुपारी तेच कामगार तोच ट्रॅक्टर सुटा करत, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडता येई. या पद्धतीने कच्च्या मालाचा खर्च शून्यावर आला होता आणि त्याबद्दल कंपनीला काटकसरीचा पुरस्कारही मिळाला होता.

वारसा अधिकारी उज्ज्वला मॅडम यांनी त्यांचं गुलाबपाणी शिंपडून स्वागत केलं.

"म्याडम, आमाले सील पाह्यजे," बेबीताई म्हणाल्या. "त्या ट्रॅक्टरमधलं द्या. तसंही तुमी ते रोज काढताच."

"ते उद्या सकाळी परत बसवायचं असतं, ताई."

"मंग नवं बनवून द्या."

"आमच्याकडे बनवण्याचा विभाग नाही. जपण्याचा आहे." मॅडम थबकल्या. "म्हणजे तुमचा धरणीधर अजून वावरात चालतो?"

"चालत नाही म्हणून तं आली ना, बाई!"

"पण परवापर्यंत चालत होता?"

कंपनीचा ट्रॅक्टर शेतीसाठी वापरला जातो, ही बातमी मुख्य इमारतीत पोचली तेव्हा खळबळ माजली. बैठक बसली. बेबीताईंचा ट्रॅक्टर 'शेवटचा चालता धरणीधर' म्हणून घोषित करावा आणि कुटुंबाचा जाहीर सत्कार करावा, असं एकमताने ठरलं. अट एकच होती. दुरुस्ती करायची नाही. नवा भाग घातला तर अस्सलपणाला बाधा आली असती; शिवाय बिघाडही मूळचाच होता.

"शाल कायले? सील द्या," बेबीताई म्हणाल्या.

"सत्काराची तारीख निघाली आहे, ताई. सीलचा विषय त्यानंतरच्या बैठकीत घेऊ."

बबनरावांनी तारीख मान्य केली. त्या तारखेपर्यंत शिवारातल्या बाकी सगळ्यांच्या पेरण्या उरकल्या. बेबीताई रोज वावरात जाऊन मातीत बोट खुपसत. ओल आधी बोटाच्या पहिल्या पेरापाशी लागायची. मग दुसऱ्या पेरापाशी लागू लागली. सत्काराच्या दिवशी सकाळी ओल लागायला त्यांना पूर्ण बोट घालावं लागलं. बबनराव घरात सदऱ्याला इस्त्री करत होते.

सभागृह भरलं होतं. बाहेर लाल, निळे, हिरवे ट्रॅक्टर ओळीने उभे होते. त्यांत धरणीधर नव्हता.

"धरणीधरवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनी हात वर करावा!" सूत्रसंचालक गरजला.

सगळे हात वर गेले. उत्तमसिंगने दोन्ही केले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना हुंदका आला.

"आणि धरणीधर ज्यांच्या घरी आहे त्यांनी?"

बबनरावांचा हात वर राहिला. बाकीचे हात फोटो काढण्याच्या कामी लागले. वाचक तिथे असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि फोटो खरोखर छान आले असते. 'जपायला हवं हो हे सगळं,' असं त्याखाली लिहून ते रात्रीपर्यंत दूरवर पाठवता आले असते. प्रेमाचं हेच सोयीचं असतं. त्याला अंगणात जागा लागत नाही, डिझेलही लागत नाही.

शाल पांघरून झाली. दोघांच्याही हातात नारळ आला. बबनराव माईकसमोर उभे राहिले. सभागृहाने कडाडून टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर बोलायचं सोडून त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला मुळापर्यंत सकाळची माती लागलेली होती.

बेबीताईंनी आपला नारळ त्यांच्या हातात दिला आणि माईक आपल्याकडे ओढला.

"उत्तमसिंग भाऊ," त्या म्हणाल्या, "बाहीर जाऊन तुमचा ट्रॅक्टर चालू करा. आजच पेरू आमचं वावर."