शेवटचा कोण?

"स्पॅनिश म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," क्लाइव्ह ऑर्मरॉड प्रेस्टनच्या स्टेशनवर बहिणीला म्हणाला. "तीन महिन्यांत भाषा, पाचव्या महिन्यात शिकवायची नोकरी. लिहून ठेव."

"लिहून ठेवते," मोइरा म्हणाली. "आणि माळ्यावरची खोलीही रिकामी ठेवते. फेब्रुवारी संपेपर्यंत नोकरी नाही लागली तर गुपचूप परत यायचं. कबूल?"

"कबूल." हरायची शक्यताच नाही अशा पैजा क्लाइव्ह नेहमी मोठ्या मनाने कबूल करायचा. एकोणीस वर्षं त्याने शाळेत भूगोल शिकवला होता. स्पेन कुठे आहे हे त्याला बरोब्बर माहीत होतं.

बाकीचं त्याला सोरिया या स्पॅनिश गावात येऊन कळलं. सोरियात ऑक्टोबरातच थंडी पडते आणि माणसं दारं लावून घेतात. स्पॅनिशच्या वर्गात तो एकटाच विद्यार्थी निघाला, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात वर्ग बंद झाला. बेकरीत तो पावाकडे बोट दाखवायचा, बाई पाव द्यायची, संवाद संपला. त्याच्या इमारतीतली लिफ्ट मात्र बोलायची. "दार बंद होत आहे," असं ती सांगायची आणि तो तिला "आभारी आहे" म्हणायचा. दिवसभरातलं सगळ्यात लांब बोलणं ते. पाचव्या आठवड्यात लिफ्ट बिघडली.

चार मजले चढून चढून त्याला खोकला लागला, आणि खोकला लागला म्हणून तो सरकारी दवाखान्यात गेला. आत वीसेक म्हातारी माणसं वाट्टेल तिथे बसलेली. रांग कुठेच नाही. इंग्रज माणूस एकटा असला तरी रांगेत उभा राहतो. क्लाइव्हने पाहिलं, भिंतीकडे तोंड करून एक जण उभा होता. तो त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. चाळीस मिनिटांनी त्या माणसाने पाना खिशात घातला, हीटरचं झाकण लावलं आणि तो निघून गेला. तोवर सगळी म्हातारी माणसं आत जाऊन आली होती. नर्स चारोने घड्याळ दाखवलं आणि दार लावून घेतलं.

हे सगळं कोपऱ्यातून एक बाई बघत होत्या. या बेनिग्नाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, क्लाइव्हच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. जिन्यात त्यांनी त्याला गाठलं.

"इंग्रजा, त्या हीटरवाल्याच्या पाठीत काय होतं रे एवढं बघण्यासारखं?"

क्लाइव्हला त्यातलं 'इंग्रजा' एवढंच कळलं. मग बाईंनी बोटांनी, काठीने आणि एकेक शब्द सुटा करून समजावलं. "आत शिरलं की विचारायचं, शेवटचा कोण? एक जण म्हणेल, मी. तुझा नंबर त्याच्यामागे. पुढचा येऊन विचारेल, शेवटचा कोण? तू म्हणायचं, मी. झालं. मग बस, फीर, कॉफी पिऊन ये. रांग डोक्यात असते, पायात नसते."

दुसऱ्या दिवशी क्लाइव्हने दारात उभं राहून विचारलं, "शेवटचा कोण?"

"मी," टोपी घातलेले एक आजोबा म्हणाले. त्यांचं नाव फाउस्तिनो. "बस इथे. काय होतंय तुला?"

क्लाइव्ह बसला. पाच आठवड्यांत प्रथमच कुणीतरी त्याला पाव न विकता प्रश्न विचारला होता. तेवढ्यात एक बाई आल्या. "शेवटचा कोण?"

"मी," क्लाइव्ह म्हणाला. बाई त्याच्याकडे बघून हसल्या आणि शेजारी बसून आपल्या मणक्याबद्दल वीस मिनिटं बोलल्या. त्याला काही कळलं नाही. पण त्याचा नंबर आला तेव्हा उठवेना. आत गेलं की पाच मिनिटांत सगळं संपणार, बाहेर पुन्हा तो आणि जिना. "तुम्ही जा आधी," तो त्या बाईंना म्हणाला आणि पुन्हा शेवटचा झाला.

त्या दिवशी तो दुपारी एकपर्यंत शेवटचा होता. डॉक्टरांना न भेटताच घरी गेला आणि जेवताना स्वतःशीच दोनदा "मी" म्हणाला.

मग ते रोजचंच झालं. सकाळी दवाखाना, दुपारी मासळीवाल्याकडे, संध्याकाळी पोस्टात. पाठवायला पत्र नसायचं, मासळी त्याला आवडत नव्हती, आणि खोकला कोणाला दाखवायचा राहूनच जात होता. पण तीन ठिकाणी त्याला रोज कोणीतरी विचारायचं आणि तीन ठिकाणी त्याच्याकडे उत्तर असायचं. डिसेंबरपर्यंत लोकांना हा सज्जन माणूस चांगलाच उपयोगाचा वाटायला लागला.

"इंग्रजा, मी फाउस्तिनोच्या मागे. जरा चुरो खाऊन येते, लक्ष ठेव."

"इंग्रजा, मी हिच्या मागे आणि माझी मेहुणी माझ्या मागे. मेहुणी अजून घरीच आहे, पण ती माझ्या मागे."

क्लाइव्ह लक्ष ठेवायचा. कोण कोणामागे हे तो भूगोलातल्या नद्यांसारखं पाठ करायचा, कोणती कुठे मिळते ते. जानेवारीत परिस्थिती अशी आली की सकाळी नऊ ते अकरा दवाखान्यात क्लाइव्ह एकटाच बसलेला असायचा आणि रांगेतली चौदा माणसं समोरच्या कॅफेत पत्ते खेळत असायची. ज्यांच्यासाठी तो यायचा त्यांना त्याने स्वतःच तिथून मोकळं केलं होतं. अधूनमधून कोणीतरी काचेतून डोकावायचं आणि तो बोटांनी सांगायचा, अजून तीन.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला इंग्रजीच्या एका खाजगी शिकवणीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. सोमवारी साडेदहाला. दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. हे शेवटचंच होतं, बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. मोइराने फोनवर विचारलं होतं, "पडदे कोणत्या रंगाचे लावू?"

सोमवारी त्याने नऊ वाजता दवाखान्यातली रांग डोक्यात लावून घेतली, सव्वादहाला गळपट्टा गुंडाळला आणि निघाला. रांगही त्याच्या डोक्यातच बाहेर पडली.

शिकवणीच्या बाहेरच्या खोलीत एक आयरिश मुलगी आणि एक कॅनडाचा तरुण बसले होते. क्लाइव्हने विचारलं, "शेवटचा कोण?" त्यांना काही कळेना. मग तो आपणहून शेवटचा झाला. आयरिश मुलगी आत जाऊन हसत बाहेर आली. तरुण आत जाऊन हसत बाहेर आला. त्यानंतर आलेल्या पोस्टमनलाही क्लाइव्ह म्हणाला, "तुम्ही जा आधी."

शिकवणीच्या मालकीण साग्रारिओबाई थकलेल्या दिसत होत्या. "बसा. स्वतःबद्दल थोडं सांगा. स्पॅनिशमध्येच बोला, पालकांशी बोलावं लागतं."

क्लाइव्हने खोल श्वास घेतला. चार महिन्यांत जे कानावर पडलं ते सगळं आता ओठांवर आलं. "मी क्लाइव्ह. सकाळपासून पोटात काही नाही. डावा गुडघा जिना उतरताना धरतो, चढताना नाही. हवा दमट असली की जास्त. साखर ताब्यात आहे, देवाची कृपा. झोप म्हणाल तर तीन वाजेपर्यंतच."

बाईंनी चष्मा काढला. "मुलांना शिकवायचा अनुभव?"

"आहे. एकोणीस वर्षं. पण मुलं कुठे येतात भेटायला. सगळी माद्रिदला."

"कोणाची?"

"सगळ्यांचीच," क्लाइव्ह म्हणाला आणि खोकला.

साग्रारिओबाईंनी फाइल मिटली. "हे बघा, तुमचे उच्चार छान आहेत. पण तुम्ही एखाद्या ऐंशी वर्षांच्या विधवेसारखं बोलता. मुलांना एकच मास्तर लागतो, ती जागा मी त्या आयरिश मुलीला देणार आहे. मोठ्यांच्या वर्गाला माणूस हवा होता, पण दोन वर्षं झाली, बारा नावंही जमत नाहीत. वर्गच नाही तर तुम्हाला कशाला घेऊ?"

क्लाइव्ह उठला. माळ्यावरच्या खोलीचे पडदे त्याच्या डोळ्यांसमोर आले.

इकडे दवाखान्यात दहा चाळीसला चारोने दार उघडून विचारलं होतं, "पुढचा कोण?" कॅफेतून चौदा जण आत आले आणि चौदाही जण "मी" म्हणाले. फाउस्तिनो बेनिग्नाबाईंना म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे होता." बेनिग्नाबाई म्हणाल्या, "मी तुमच्या मागे लग्नाच्या वयातही नव्हते." मेहुणी रडायला लागली. चारो म्हणाली, आधी क्रम लावा, तोवर एकालाही आत घेणार नाही. क्रम एकालाच माहीत होता, आणि तो कुठे गेलाय हे बेनिग्नाबाईंना माहीत होतं.

साग्रारिओबाईंनी क्लाइव्हला निरोप द्यायला दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. काठ्या, टोप्या, लोकरीचे कोट.

"तुम्ही सगळे...?"

"आम्ही क्लाइव्हसाठी आलोय," फाउस्तिनो म्हणाले.

"सगळे?"

"याच्याशिवाय आमचं पानही हलत नाही," बेनिग्नाबाई म्हणाल्या. "तीन महिने झाले."

साग्रारिओबाईंनी डोकी मोजली. चौदा. त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी टेबलावरचा कागद झटक्यात उचलला. "नावं लिहा इथे. नाव, पत्ता, सही."

"शाबास, या गावात एका तरी बाईला अक्कल आहे," फाउस्तिनो म्हणाले. "लेखी असलेलं बरं. इंग्रजा, क्रम सांग."

कागदावर वर मोठ्या अक्षरांत 'प्रौढांसाठी इंग्रजी, दहा महिने' असं लिहिलं होतं. क्लाइव्हने ते वाचलं. स्पेनमध्ये आल्यापासून अडखळल्याशिवाय वाचलेला तो पहिला मजकूर. त्याने फक्त क्रम सांगितला आणि चौदा जणांनी एकामागून एक सह्या केल्या. मेहुणीने जराशी जास्तच ठसठशीत केली.

"पुढच्या सोमवारी, साडेअकराला," साग्रारिओबाईंनी क्लाइव्हचा हात दाबला. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

रस्त्यात क्लाइव्हच्याने राहवेना. बेनिग्नाबाईंना त्याने सगळं सांगून टाकलं. त्या थांबल्या.

"तिथे हीटर चालतो?"

"चालतो."

"साडेअकरापर्यंत आमचं दवाखान्यातलं उरकतं," बेनिग्नाबाई म्हणाल्या. "मग काय, घरी जाऊन भिंती बघायच्या त्यापेक्षा बरं. पण तू हा असा खोकत शिकवणार? चल."

दवाखान्यात त्यांनी सगळ्यांना काहीतरी सांगितलं. फाउस्तिनोंनी टोपी काढली. मणकेवाल्या बाई बाजूला सरकल्या. "आज पहिला तू," बेनिग्नाबाई म्हणाल्या. क्लाइव्ह "नको, तुम्ही आधी," म्हणणार होता, पण चौदा जण त्याच्याकडे असं बघत होते की त्याला आत जावंच लागलं. नोव्हेंबरपासून तो दार बघत होता. पलीकडची खोली आज पहिल्यांदा दिसली.

डॉक्टरांनी त्याचा घसा पाहिला, दिवा जवळ आणून पुन्हा पाहिला आणि विचारलं, "एवढे दिवस काय करत होता?"

"शेवटचा होतो," क्लाइव्ह म्हणाला.

"स्वरयंत्र पार सुजलंय. तीन आठवडे बोलायचं नाही. एक शब्दही नाही. कुजबुजायचं पण नाही."

क्लाइव्हने सोमवारबद्दल सांगायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी बोट वर केलं.

तो बाहेर आला तेव्हा दारातून एक नवीन बाई आत येत होत्या. "शेवटचा कोण?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी सवयीने क्लाइव्हकडे पाहिलं. खरं तर तो आता रांगेत नव्हताच. तरी त्याने हात वर केला.

बाईंना मोतीबिंदू होता. त्यांनी पुन्हा विचारलं.