मागणीनुसार जागी होणारी सेवा

पाणीपुरवठा विभागाच्या तक्रारींच्या संकेतस्थळाचा सर्व्हर तळमजल्यावरच्या एका खोलीत होता. तो तापायचा, घरघरायचा आणि अधूनमधून बंद पडायचा. एरवी त्याच्याविषयी कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण नवे संचालक आले आणि त्यांना तो खटकला. कुणी तक्रार करत नसताना यंत्राने जागं का राहायचं, असा त्यांचा रास्त सवाल होता.

विभागातल्या अभियंता बाईंनी त्यांना पर्याय समजावून सांगितला. संकेतस्थळ क्लाउडवर, दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या यंत्रांवर, एका कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यात, ठेवायचं. माणूस आला की डबा जागा होतो, गर्दी झाली की डबे आपोआप वाढतात, कुणी नसलं की सगळे झोपतात. यंत्र सांभाळायची कटकट नाही, बिल वापराइतकंच. तोटा असा, की झोपलेला डबा उठायला वेळ घेतो आणि गर्दीबरोबर बिलही फुगतं. तेव्हा निदान एक डबा कायम जागा ठेवावा, असं बाईंनी सुचवलं. संचालकांनी फायद्यांना तात्काळ मंजुरी दिली आणि तोटे उपसमितीकडे सोपवले.

उन्हाळ्यात नळ कोरडे पडले. लोक संकेतस्थळावर तुटून पडले, डबे भराभर वाढले आणि बिल पाहून लेखाधिकाऱ्यांना घाम फुटला. संचालकांनी आदेश काढला: यापुढे एका वेळी एकच डबा जागा होईल. तक्रारी झपाट्याने घटल्या. त्याबद्दल संचालकांचा सत्कार ठरला.

सत्कार सुरू असतानाच बाईंना आईचा फोन आला. तिच्या गल्लीतली मुख्य जलवाहिनी फुटली होती, पाणी घरात शिरलं होतं आणि संकेतस्थळावर नुसतं चक्र फिरत होतं.

"सगळी गल्ली एकदम आली असेल. जरा थांब, आई."

"मी थांबते गं. पाणी थांबत नाहीये."

बाई व्यासपीठामागून संचालकांपाशी गेल्या. तक्रार नोंदली गेली आहे का, असं संचालकांनी गळ्यातला हार सावरत विचारलं. नव्हती. मग जलवाहिनी फुटल्याचं कशाच्या आधारावर मानायचं, हे त्यांना कळेना. बाईंनी बाहेर येऊन मोबाइलवरूनच डब्यांची मर्यादा उठवली. तक्रारी धडाधड आत आल्या, माणसं धावली, व्हॉल्व्ह बंद झाला. आईची गादी भिजली. बाकी संसार वाचला. दुसऱ्या दिवशी डबे विनापरवाना जागे केल्याबद्दल बाईंच्या हाती नोटीस पडली.

चौकशीत संचालकांनी एकच आकडा पुढे ठेवला: शंभर टक्के नागरिक समाधानी. बाईंना तो खोटा वाटला, म्हणून त्यांनी संध्याकाळी आईला विचारलं. आकडा खरा होता. तक्रारीच्या पानाआधी एक प्रश्न यायचा: 'आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात ना?' त्याखाली 'हो' असं एकच बटण होतं. आईने घोटाभर पाण्यात उभं राहून ते दाबलं होतं.

"अगं, पण का दाबलंस?"

"पुढे जायचं होतं ना मला."

आकडा खरा ठरला आणि चौकशी तिथेच मिटली. तो आकडा आता विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावला आहे. त्यात तुम्हीही आहात. बटण दाबताना वरचा प्रश्न तुम्ही वाचला नव्हता, एवढंच.