भिंत कुठे पळतेय?

कालव्यात पडलेला कागद. शेळीने खाल्लेलं आभाळ. माळ्यावर केलेली जागा. पिवळी भिंत.

कागद वाऱ्याने उडाला, तेव्हा कंपाउंडरकाका निसर्गचित्र मंडळाच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. शेळीने ऐन रंगात आलेलं चित्र वरच्या बाजूने चघळलं, तेव्हा दुसऱ्यांदा. तिसरी संधी शेवटची. "या खेपेलाही हात हलवत आलात, तर रंगपेटी माळ्यावर," काकूंनी बजावलं होतं, आणि जागाही करून ठेवली होती.

पण काका ठेच लागून शिकले होते. आज कागदाला चार चिमटे होते, गल्लीत एकही शेळी नव्हती आणि समोर होती एका घराची भिंत. ती उडत नाही, चरत नाही. अकराला मंडळाचे मास्तर येऊन चित्र देखाव्याशी ताडून बघणार. दिसतं तेच काढायचं, मनचं काही चालायचं नाही.

दहाला पिवळा रंग अगदी औषधाच्या मापाने चढला. सव्वादहाला एक रंगारी शिडी घेऊन आला आणि त्याने भिंतीवर निळा पट्टा ओढला.

"अहो, थांबा! ओली आहे!"

"भिंत?"

"माझी!"

रंगाऱ्याने येऊन चित्र पाहिलं. "झकास! पण मला दुपारच्या आत संपवायचंय."

"अकरापर्यंत दम धरा हो, पाया पडतो."

"त्यापेक्षा तुम्हीच निळी करा की, काका. तुमची वीतभर तर आहे."

काकांनी घाईघाईने निळा फिरवला. भिंत हिरवी झाली. आणखी निळा दिला. आणखी हिरवी.

"हिरवी झाली," शिडीवरून आवाज आला.

"दिसतंय मला!"

"माझा रंग जाड, झाकून टाकतो. तुमचं म्हणजे नुसतं पाणी."

पावणेअकरा. काकांच्या कपाळावर घाम. चाळीस वर्षं औषधं मिसळली, कधी थेंब चुकला नाही. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "संपलं. गेली पेटी माळ्यावर."

रंगारी ओशाळला. रोलर टेकवून शिडीवरून खाली उतरला. मग म्हणाला, "पिवळ्याचा एक डबा आहे माझ्याकडे. निळ्यात मिसळतो, माप सांगता?"

"दोनास एक," काका ताडकन उठले. "नाही, थांबा. चमचाभर कमी!"

अकराला मास्तर आले. ओल्या हिरव्या भिंतीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे.

"खिडकी वाकडी आहे," मास्तर म्हणाले. "पण रंग? तंतोतंत! घेतलं तुम्हाला मंडळात."

त्या घराच्या मालकिणीने आदल्या संध्याकाळी रंगाऱ्याला फक्त फाटक निळं करायला सांगितलं होतं.