जठर सरकलं, आक्का सरकंनात

घरात नवा माणूस येणार म्हटलं, की आधीच्यांनी थोडं सरकून बसावं लागतं, हे सनातन सत्य आहे. सरकायचं कुणी, एवढ्याबद्दलच काय ते मतभेद.

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या विद्याश्रीच्या पोटात असले मतभेद नव्हते. तिला सातवा महिना लागेपर्यंत आतल्या सर्व खात्यांनी विनातक्रार बदल्या स्वीकारल्या होत्या. जठर वर सरकलं. आतडी कडेला झाली. श्वासाचा पडदा दोन बोटं वर चढला, आणि बरगड्यांनी कुरकुर न करता रुंद होऊन त्याला जागा दिली. काळजानं डावीकडं कूस बदलली (प्रत्यक्ष काळीज हललं, तरी कुठं मोर्चा निघाला नाही). रक्त जवळजवळ दीडपट झालं. मूत्रपिंडांनी जादा पाळी धरली. कमरेचे सांधे, वरात पोचल्यावर पावण्यांनी फेटे सैल करावेत, तसे सैल झाले. पायानं चपलेचा एक नंबर ओलांडला. एवढं मोठं काम झालं, पण फीत नाही, नारळ नाही, चौकात फ्लेक्स नाही. (कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय पार पडलेलं हे बहुधा एकमेव काम.)

सरकायला जागा उरली नाही ती फक्त मूत्राशयाला. त्याच्या डोक्यावरच नवं बिऱ्हाड येऊन बसलं होतं, आणि ते पाय आपटायचं. परिणामी विद्याश्रीला दर एकेचाळीस मिनिटांनी बाथरूमला जावं लागे. (ही सरासरी तिच्या नवऱ्यानं, राजशेखरनं, मोबाईलवर काढली होती. गर्भारपणातला त्याचा हा मुख्य वाटा.)

आता घराकडं वळू. डोहाळजेवणाचं नियोजन सासूबाई शांतादेवींच्या अध्यक्षतेखाली झालं, आणि त्यात कोणतीही उणीव नव्हती. निमंत्रित बायका एकसष्ट. फुलांनी सजवलेला झोपाळा एक. तो गॅलरीच्या कोपऱ्यात, कारण फोटोत बाथरूमचं दार येता कामा नये. झोपाळा आणि ते दार यांच्यामध्ये सतरंजी. सतरंजीवर एकसष्ट बायकांपैकी साठ. एकसष्टाव्या म्हणजे शांतादेवींच्या थोरल्या बहीण, नेसरीच्या आक्का. त्यांचे गुडघे धरलेले, पाठीला टेकण लागतं. म्हणून त्या बरोबर बाथरूमच्या दाराला टेकून बसल्या होत्या.

नियम असा, की ओटी भरायला सुरुवात झाली की शेवटच्या सवाष्णीपर्यंत गर्भारणीनं उठायचं नाही. हा नियम कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळं मोडायची परवानगी कुणाकडं मागायची, हेही ठाऊक नव्हतं.

साडेचारला विद्याश्री झोपाळ्यावर बसली. चौदाव्या ओटीला तिनं हळूच सासूचा पदर ओढला.

"आत्ती, मला जरा जाऊन यायचंय."

"आत्ताच गेलतीस की!"

"ते चारला, आत्ती."

"झुंबरबाईंची मुरगूडची एसटी हाय. त्यांचं तेवढं होऊ दे, मग जा."

झुंबरबाईंनी ओटी भरली आणि गाणं धरलं. गाणं नऊ महिन्यांचं होतं, आणि झुंबरबाई महिने गाळणाऱ्यातल्या नव्हत्या.

*तिसऱ्या गं महिन्याला, सई मागती कैरी,*
*पाणी शेंदाया निघाली, थेंब सांडला पायरी...*

विद्याश्रीनं पायांची अढी घातली. चौथ्या महिन्यात झरा लागला. पाचव्यात मोट चालली. सहाव्यात पाट फुटला. सातव्याला गाणं पंचगंगेच्या पुरावर आलं, तेव्हा तिनं झोपाळ्याची साखळी दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

"काय तेज चढलंय बघा चेहऱ्यावर!" कुणीतरी म्हणालं. दुसरीनं पन्ह्याचा तिसरा पेला हातात दिला. आतल्या बिऱ्हाडानं ताल धरला.

तेवढ्यात झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. (हेच सोनोग्राफीवाल्यानं सांगितलं तर गुन्हा आहे. वाटीवर अजून गुन्हा दाखल झालेला नाही.) एकसष्ट बायकांनी माना पुढं काढल्या.

"तसं न्हाय! आधी नाव घे, मग वाटी!" झुंबरबाई कडाडल्या. एसटीचं त्यांना आता काही वाटेनासं झालं होतं.

विद्याश्री उभी राहिली. (नाव घेण्यापुरतं उभं राहायला नियमाची हरकत नव्हती.) पाठ केलेला उखाणा तिला आठवेना. जे आठवत होतं, तेच तिनं म्हटलं:

*"काळीज सरकलं डावीकडं, जठर सरकलं वर,*
*राजशेखररावांचं नाव घेते, आक्का, सरका हातभर!"*

शांतादेवींचा हात कपाळाला गेला. मग दाराशी काहीतरी गडगडलं. ते आक्कांचं हसणं होतं.

"अगं बया! मग मघाच बोलायचं न्हाईस व्हय? उचला गं मला!"

चौघींनी आक्कांना उचललं. उठता उठता आक्का म्हणाल्या, "माझ्या चार बाळंतपणात कुणी बोटभर सरकलं न्हाई बघ. मला तर सरका म्हणायचंबी सुचलं न्हाई."

मग साठ बायका अर्धा अर्धा हात सरकल्या. काठापदरांची सळसळ झाली, आणि मधोमध शेताच्या बांधासारखी एक वाट उघडली. त्या वाटेवरून विद्याश्री वेणीतली शेवंती सांडत, हसत, डुलत, जवळजवळ पळत गेली. कडी लागली. आत पंचगंगा वाहिली. सुखानं तिचे डोळे भरून आले, आणि पोटातल्याला तिनं हळूच सांगितलं, "शिकून घे, सोन्या. बाहेर असं मागावं लागतं."

तिनं दार उघडलं, तर उंबऱ्यालाच दोन वाट्या धरून एकसष्ट बायका उभ्या होत्या. मुंगीलाही वाट नव्हती.

तिनं त्यातली एक वाटी उचलली.

काय निघालं, पेढा की बर्फी? हे वाचायला मान पुढं काढलीत ना? मग बासष्टावे तुम्ही. सरका जरा, तिला बाहेर यायचंय.