सिदूमामाची काळी वेबसाइट

सिदूमामाच्या घोंगड्यांच्या दुकानाची वेबसाइट सोमवारी सकाळी सुरू झाली, आणि दुपारच्या आत मामाची गिऱ्हाइकं आपापले मोबाईल घेऊन समोरच्या गुरूच्या दुरुस्तीच्या दुकानात रांगेला लागली.

वेबसाइट केली होती मामाच्या भाचीनं, सुकन्यानं. पुण्याची नोकरी सोडून ती सोलापूरला परतली होती, कारण तिथं तिला जन्मभर एकच वेबसाइट करत बसावं लागेल असं वाटायला लागलं होतं. वर मोठा फोटो, मधोमध बटण, खाली तीन चौकोन, त्याखाली समाधानी ग्राहकांचे गोल चेहरे. दातांच्या डॉक्टरच्या वेबसाइटवर जी गोरी बाई हसत होती, तीच ट्रॅक्टरच्या शोरूमवरही तितक्याच समाधानानं हसत होती. "आता जे करीन ते ज्याचं त्याला शोभेल असं," म्हणत सुकन्या घरी आली. वडिलांनी ऐकून घेतलं आणि अट घातली. मामा घरचाच, तो मोजायचा नाही. दसऱ्यापर्यंत बाहेरचं एक तरी गिऱ्हाईक मिळालं पाहिजे, नाहीतर मुकाट्यानं पुण्याची गाडी धरायची.

म्हणून मामाच्या वेबसाइटमध्ये तिनं जीव ओतला. उघडली की नुसता काळा पडदा, अमावस्येच्या माळरानासारखा. घोंगडं काठाला धरून आडवं उलगडतात, तसं बोटानं आडवं ओढलं की एक घडी उघडायची आणि पांढरी किनार चमकायची. पुढच्या घडीत माळावरची मेंढरं, त्याच्या पुढच्या घडीत लोकर कातणारी मायाक्कामामी, आणि सगळ्यांत आत, आईच्या कुशीत शिरलेल्या लेकरासारखा, दुकानाचा फोन नंबर. मामाचा उभा जन्म घोंगडी उलगडण्यात गेलेला. त्यानं वेबसाइट पहिल्याच झटक्यात उघडली. "आगं, ही तर आपलीच घडी की!" म्हणत त्यानं डोळे पुसले आणि साऱ्या पाहुण्यारावळ्यांना, गिऱ्हाइकांना लिंक धाडून दिली.

पण बाकीच्या दुनियेची बोटं खालून वर जाणारी. पडदा काळा तो काळाच.

मंद्रूपचे चन्नवीरअण्णा मोबाईल नाचवत दुकानाची पायरी चढले. "अय्यो सिदू, तुजी लिंक दाबली आन् माजा मोबाईल मेला की रे!"

"मेला न्हाय अण्णा. आडवं वढा."

अण्णांनी मोबाईल आडवा धरला. "आता?"

"मोबाईल न्हवं, बोट!"

अण्णांनी आडवं बोट काळ्या पडद्यावर ठेवलं आणि आशेनं वाट पाहिली. समोरून गुरू ओरडला, "मामा, असलं अजून दोन-चार काडा की! लई बरं चाललंय माजं."

दिवसभर असंच. प्रत्येकाला बसवायचं, चहा पाजायचा, खरंखुरं घोंगडं मांडीवर टाकून "हे बगा, असं उलगडायचं" म्हणून शिकवायचं. सुकन्या आतल्या खोलीत लाजेनं चूर होऊन बसली होती. तिच्या कानावर तक्रारी तेवढ्या येत होत्या.

संध्याकाळी मामीनं तिच्यापुढं ताट ठेवलं आणि अलगद तिचे डोळे झाकले. "चटणी कुटं वाडलीया, सांग."

"डाव्या हाताला."

"न बघता कसं सांगितलंस?"

"तिथंच असते की, मामी."

"व्हय ना? टेंभुर्णीच्या लग्नात बी तितंच, मैंदर्गीच्या पंगतीत बी तितंच. हात आपसूक जातोय, कुनी हुडकत बसत न्हाय." मामीनं भाकरीवर तूप सोडलं. "तुजं ताट लई देखणं हाय गं. पन चटणी तू ताटाखाली दडवलीस."

पुण्याच्या साहेबांना जे सुकन्याला कधी समजावून सांगता आलं नव्हतं, ते मामीनं तूप वाढता वाढता सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं घडी काढून टाकली. वर मोठा फोटो, मधोमध बटण, खाली तीन चौकोन. शेवटी मनावर दगड ठेवून ती गोरी बाईही आणून बसवली. आता बाई घोंगड्यावर खूश होती.

वेबसाइट सगळ्यांना उघडता आली. फोन खणाणू लागले. "काय रेट?" "टोचतंय का?" "बरं, बगतो." आणि फोन खाली. पायरी मात्र कुणी चढेना. मामा सकाळी घोंगडी झटकायचा, दुपारी पुन्हा तीच झटकायचा. शनिवारी त्याला राहवलं नाही.

"सुकू, एक सांगू? ही नवी लई सोपी हाय. मानसं घरबसल्या समदं बगत्यात, आन् मग घरीच बसत्यात."

"मग काय करू, मामा?"

"ती बिगडल्यालीच परत लाव. भांडायला का हुईना, यायची तरी! मांडीवर घोंगडं पडलं की ऊब लागायची, मग उटवत न्हवतं कुनाला. चन्नवीरअण्णा मोबाईल हितंच इसरला, पन घोंगडं घेऊन गेला!"

काळी वेबसाइट परत आली आणि तिच्या मागोमाग भांडायला येणारी माणसंही. मामानं चहाची किटली मोठी आणली.

दसरा तोंडावर आला तेव्हा शेजारचा चादरवाला नंदीश दारात उभा राहिला. "ताई, आमाला पन वेबसाइट करून पायजे."

सुकन्याचं काळीज मोरासारखं थुईथुई नाचलं. बाहेरचं गिऱ्हाईक! ती भरभरून बोलू लागली. चादरीचे भडक रंग, फुलांचे काठ, मागाचा ठेका. स्क्रीनवर धागा धागा विणत चादर कशी उमलत जाईल, हे तिनं हातवारे करून दाखवलं.

नंदीशनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "झकास हाय ताई. पन तसलं नको. मामाची हाय तशीच द्या. काळी."

"अहो, पण चादरी तर रंगीत..."

"ऱ्हाऊ द्या की. फकस्त उगडायला येऊ नये, यवडं बगा." मग मागं वळून त्यानं हाक मारली, "राजेश्वरीअक्का, या पुडं, लाजू नका." बांगड्यांच्या दुकानातल्या राजेश्वरीअक्का पदर सावरत पुढं आल्या. त्यांच्यामागं पितळी भांडीवाले उभे होते.

सुकन्यानं एकदा मामाकडं पाहिलं. मामा किटली भरत होता. तिनं लॅपटॉप उघडला, काळ्या वेबसाइटची नक्कल काढली आणि खाली मान घालून विचारलं,

"दुकानाचं नाव तेवढं सांगा."